मुरुडला जाणारी बक्षिसे

लातूरच्या आमच्या दैनिकातून प्रूफरीडर कांबळे यांना शब्दकोड्याची उत्तरे फोडल्याच्या संशयावरून काढले, त्याला बरीच वर्षे झाली. आज एका छापखान्यापाशी ओल्या शाईचा वास आला आणि ती दुपार आठवली.

दिलेल्या शब्दात एक अक्षर मिसळून नवा शब्द जुळवायचा, असे ते कोडे. ‘रस’मध्ये ‘ळ’ घालून ‘सरळ’. बक्षीस दर आठवड्याला कांबळेंच्या मुरुडला जाई.

“कांबळे, तुमच्याच गावाला लई अक्कल फुटायलीय?” संपादक म्हणाले.

“साहेब, म्या घरीबी बोललो न्हाई.”

शेजारी मुरुडला जाणाऱ्या अंकांचा गठ्ठा नेहमीप्रमाणे कचेरीतल्या रद्दी कागदांत गुंडाळून बांधणे चालू होते. वरचा कागद म्हणजे पुढच्या कोड्याचे, उत्तरासह तपासलेले प्रूफ होते. त्याकडे कुणीच लक्ष दिले नाही.

कांबळे त्याच संध्याकाळी गेले. पुढचे बक्षीसही मुरुडलाच गेले.