नद्यांची हजेरी

माझी सून सरकारी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर बसून नद्यांची हजेरी घेते. दर तासाला एकोणीस ठिकाणांहून फोन येतात. पुलाच्या खांबावर किंवा बंधाऱ्यावर रंगवलेली पट्टी असते. तिथला माणूस पाणी कुठवर आलं ते वाचतो आणि कळवतो. सून तो आकडा रजिस्टरात लिहिते, मग भिंतीवरच्या फळ्यावर. तास उलटून पंधरा मिनिटं झाली की पोलीस, अग्निशमन दल, बोटींचं पथक आणि दवाखाने यांना पत्रक जातं. वादळाचा इशारा असेल तर तो सगळ्यात वर. कचेरीत तिला हजेरीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात. तीही ‘हजर’ म्हणून मोकळी होते.

लग्न होऊन आली तेव्हा ती वेधशाळेत पाऊस मोजायची. या कक्षात आली त्याला सतरा वर्षं झाली. मी जुन्या डायऱ्या चाळून पाहिल्या. सतरा पावसाळ्यांत ती माझ्याबरोबर संध्याकाळी जेवायला बसल्याची नोंद एकशे चार वेळा आहे. माझा मुलगा नोकरीसाठी परगावी असतो. त्याचीही संख्या याच्या आसपासच भरेल. एकदा मी म्हटलं, "अगं, बदली माग."

"मागितली की, आई. दोनदा. तुमच्या जागी यायला कोण तयार आहे ते विचारून या म्हणाले. विचारलं. सगळ्यांची एकदम पाठ दुखायला लागली."

पाय सुजतात म्हणून ती चपला एक नंबर मोठ्या घेते. झोप तिच्याकडे परक्या पाहुण्यासारखी येते आणि चहासुद्धा न घेता जाते. शेगडीपुढे उभी राहून दूध तापवताना डोळे मिटलेले मी पाहिले आहेत. दूध मात्र कधी उतू गेलेलं नाही.

तिच्या कामात एक नियम आहे आणि एक सवय होती. नियम असा की एखाद्या ठिकाणाहून लागोपाठ दोन तास आकडा आला नाही, तर तिथे धोक्याची पातळी आली असं समजायचं आणि खालची वस्ती रिकामी करायची. सवय अशी, की फोन दहा-पंधरा मिनिटं उशिरा येतात आणि पत्रक तर थांबवता येत नाही. मग त्या चौकोनात मागच्या तासाचा आकडा पेन्सिलीने लिहायचा, आणि फोन आला की त्यावर शाईने खरा घालायचा. ही सवय सुनेनेच पाडली. दहा वर्षं तिने सगळ्यांचं काम हलकं केलं. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी आम्हाला पाचवीपासून पेन्सिल बंद केली होती, त्यामुळे सुनेच्या या सवयीत मला काही वावगं दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मी बोलले नाही.

या पावसाळ्यात वादळ आलं तेव्हा ती तीस तास खुर्चीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला साहेबांनी तिला शेजारच्या खोलीत आडवं व्हायला पाठवलं आणि फळ्यापाशी एका कारकुनाला बसवलं. तो बदलून येऊन महिनाच झाला होता. पन्नाशीचा, सरळ माणूस. मी कोरडे कपडे आणि डबा घेऊन सव्वाबारानंतर पोचले. सून नुकतीच उठून फळ्यासमोर उभी होती. गालावर सतरंजीची नक्षी उमटली होती.

"वरच्या पुलाला काय झालं?" तिने विचारलं. "तीन तास पाच पूर्णांक चार?"

वरच्या पुलावर पाणी वाचतात त्यांना सगळे मामा म्हणतात. तिथलं पाणी चार तासांनी खालच्या वस्तीत पोचतं.

कारकून म्हणाला, "मामांचा फोनच लागत नाही. तुम्ही करता तसंच केलं, बाई. पेन्सिलीने मागचा आकडा."

"दहाला नऊचा लिहिलात. अकराला?"

"अकराला दहाचा."

"आणि आता?"

त्याने बाराच्या चौकोनावर बोट ठेवलं. पेन्सिल फक्त एकाच चौकोनापुरती, हे तिने त्याला कधी सांगितलंच नव्हतं. तिला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं राहून गेलं. हे तिने स्वतः मला नंतर सांगितलं.

साहेब आतून आले. "पाणी स्थिर आहे म्हणून तीन पत्रकं गेलीत, बाई. मीही वर तसंच कळवलंय. बोटी पूर्वेकडे पाठवल्यात."

"पाणी स्थिर नाही, साहेब. आपली पेन्सिल स्थिर आहे."

"गेल्या वर्षी तुम्ही वस्ती रिकामी करायला लावलीत आणि पाणी दोन फूट खालीच थांबलं. उत्तरं मी दिली. तासभर थांबा. मामांचा फोन येईल."

खालच्या वस्तीत सहाशेच्या वर माणसं राहतात. तासभर थांबायचं म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.  सुनेने रजिस्टर पुढे ओढलं आणि पेन उघडलं.

"खाडाखोड करू नका. चौकशी लागेल."

"खोडत नाही. रेघ मारतेय. खालचं दिसलं पाहिजे."

तिन्ही आकड्यांवर एकेक रेघ मारून तिने शेजारी ‘वाचन नाही’ असं लिहिलं, वेळ घातली, सही केली. मग रजिस्टर साहेबांकडे फिरवलं. "तीन तास वाचन नाही. नियम अकरालाच लागू झाला. सही द्या."

"पेन्सिल कोणाची ते विचारतील."

"माझी. लिहून देते."

 "दोन वर्षं राहिलीत हो माझी," साहेब एवढंच म्हणाले आणि त्यांनी सही केली.

वस्तीत एक शिवणकाम करणारी बाई आहे. सरकारी निरोप तिच्या फोनवर जातात, कारण तिचा आवाज चार गल्ल्यांत पोचतो. तो फोनमधून माझ्यापर्यंतही पोचला.

"ताई, हजेरीबाई बोलतेय. वस्ती उचला."

"परत? गेल्या वर्षीसारखी सहल का? माझे कपडे कापून पसरलेत इथे!"

"कापलेले घेऊन चला. शाळेत बसून शिवा."

"आणि पाणी नाही आलं तर?"

"तर मला शिव्या द्या. आधी निघा."

बोटी माघारी बोलावल्या, त्यांना यायला दीड तास लागला. तोवर सून फोनवरून एकेक गल्ली मोजत होती. "तिसरी गल्ली किती? घरं नका सांगू, माणसं सांगा." एक म्हातारा कवळी सापडल्याशिवाय निघेना. कवळी शोधायला तिघे, आणि तिघांची वाट बघत एक बोट. ती तीनला दहा कमी असताना सुटली. तीन वाजून पाच मिनिटांनी पहिल्या गल्लीत पाणी शिरलं आणि पाचपर्यंत पत्र्यांना टेकलं. शाळेतला आकडा सहाशे बारा होता, यादीतलाही सहाशे बारा. सुनेने तो दोनदा मोजायला लावला. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. कारकून जिन्यात जाऊन बसला. मी डबा तसाच घरी आणला.

दुसऱ्या दिवशी मामा चालत आले. त्यांचा फोन पाण्यात पडला होता आणि मधला रस्ता तुटला होता. पण माणूस जागचा हलला नव्हता. दर तासाला पट्टी वाचून वहीत लिहीत होता. दहाला सहा, अकराला सहा पूर्णांक नऊ, बाराला सात पूर्णांक आठ. सात मीटरला धोका.

"लावलीस का माझी हजेरी, पोरी?"

"गैरहजेरी लावलीय, मामा."

"मी उभा होतो तिथे!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी वही हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. दार लोटून घेत ते म्हणाले, "अहो, मिटलंच की मग! खरे आकडे आले. पान नव्याने लिहा, तिन्ही चौकोन भरा. मेमोला कारणच उरत नाही. मामांची हजेरीही लागते."

साहेब वाईट नाहीत. त्यांनी तिच्याच भल्याचं सांगितलं होतं, आणि मामा आशेने बघत होते. ती तेव्हा उभ्या उभ्या पडेल अशा अवस्थेत होती.

"हे आकडे आज आले, साहेब," ती म्हणाली. "काल बाराला आपल्याकडे नव्हते. आज भरले, तर पुढे वाचणाऱ्याला वाटेल आपल्याला सगळं कळत होतं." मामांचे आकडे तिने वेगळ्या कागदावर उतरवले, वर त्यांचं नाव घातलं आणि कागद रजिस्टराला जोडला. मामा तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

नवव्या दिवशी मेमो आला, दोन पानी. तिचं उत्तर चार ओळींचं होतं. सेवापुस्तकात ताकीद चढली. कक्षातून पेन्सिली गेल्या. आता फोन आला नाही की चौकोनात सरळ ‘वाचन नाही’, आणि दुसऱ्या तासाला नियम.

तेव्हापासून खालची वस्ती तीनदा रिकामी झाली. पाणी एकदाही आलं नाही. प्रत्येक वेळी फोनचीच रेंज गेलेली. वस्तीतली माणसं चिडली आहेत. तक्रारअर्ज आले. सून ते वाचते, पोचपावती देते. मी विचारलं, "खरंच पटतं का गं तुला, दर वेळी?" ती म्हणाली, "पटायला वेळ कुठे असतो, आई," आणि ताटावरच पेंगायला लागली.

परवा मंगळवारी मी डबा घेऊन गेले होते. दुपारचा एक वाजला. वरच्या पुलाच्या चौकोनात लागोपाठ दुसऱ्यांदा ‘वाचन नाही’ पडलं. सुनेने दोन्ही तळव्यांनी डोळे चोळले आणि फोन लावला.

"ताई, हजेरीबाई."

"बाई, तुमच्या घरी कोणी नाही का छळायला?"

"सासू आहे. इथेच बसलीय."

"मग तिच्याशी भांडा की! पाणी नाहीये हो. मी दारातच उभी आहे."

"तुम्हाला खालचं दिसतंय, ताई. मला वरचं दिसत नाही. उचला."

पलीकडे भांडी आपटल्याचा आवाज आला, मग बऱ्याच शिव्या. सुनेने फोन कानापासून जरा लांब धरला. आवाज थांबला तसा परत जवळ घेतला आणि रजिस्टर पुढे ओढलं.

"पहिली गल्ली," ती म्हणाली. "किती माणसं?"