सातवी सुई

दुकानाचं शटर ओढायच्या आधी सुया मोजायच्या, हा नियम आमच्या अब्बांनी घालून दिलेला. आम्ही पिंजारी. आष्ट्यात गाद्या भरायचं काम करतो. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, काठीनं बडवून सारखा करायचा आणि मग कडेनं टाके घालायचे. सगळं काम जमिनीवर आणि अनवाणी, कारण खोळीच्या पांढऱ्या कापडावरून सारखं फिरावं लागतं. भिंतीवर कापसाची एक छोटी उशी टांगलेली असते, तिला सात सुया टोचलेल्या. अब्बा म्हणायचे, "काम एक दिस बंद पडलं तर पडू दे, पण गिऱ्हाइकाच्या गादीत सुई जाता कामा न्हाई. त्या गादीवर कुणाचं तरी तान्हं झोपतंय."

गेल्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, एका संध्याकाळी सहाच सुया भरल्या.

दुकानात आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको. ती खोळी शिवते, मी भरतो. त्या दिवशी शेजारच्या गावातल्या एका मुलीच्या रुखवताच्या दोन गाद्या भरून झाल्या होत्या. आमच्याकडे जुन्या स्पीकरमधलं एक लोहचुंबक दोरीला बांधून ठेवलेलं आहे. ते सगळ्या जमिनीवरून तीनदा फिरवलं. एक टाचणी आणि दोन खिळे निघाले, पण सुई काही निघाली नाही. मी बायकोवर घसरलो. नाचता येईना अंगण वाकडं, ही माझी जुनी खोड आहे, आणि ती कबूल करायला आता मला लाज वाटत नाही.

"तूच कुठंतरी टोचून इसरलीस," मी म्हणालो.

"खोळी शिवायची माझी सुई त्या सातांतली न्हवं, ती माझ्या पदराला हाय," ती म्हणाली. "तुमची कुठं हाय ते बघा."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गाद्या उसवल्या. कापूस मूठमूठ करून बोटांनी चाचपला. नवरीच्या बापाला खोटंच सांगितलं, की वीज नव्हती म्हणून उशीर झाला. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, की ती पोरगी सासरी पहिल्यांदा गादीवर बसतेय आणि किंचाळतेय. चार दिवस मला जेवण गेलं नाही. त्या चार दिवसांत मी किती वेळा त्या दुकानात इकडून तिकडे चाललो, त्याची गणती नाही.

पाचव्या दिवशी दुपारी नवी खोळ जमिनीवर पसरली होती. तिच्यावर मला एक डाग दिसला. रुपयाएवढा, पिवळसर, कडेनं तांबूस.

"चहा सांडलास व्हय गं?" मी ओरडलो. "लगीनघरचं कापड हाय ते."

ती उठून आली, वाकली आणि तिनं डागाला बोट लावून वास घेतला. मग तिला पुढं आणखी एक डाग दिसला, त्याच्यापुढं तिसरा. प्रत्येक डाग मागच्यापासून एका पावलाच्या अंतरावर. ती डागांमागून चालत माझ्यापाशी येऊन थांबली.

"आवं, पाय वर करा."

"कशाला?"

"वर करा म्हंते न्हवं."

मी कापसाच्या गाठोड्यावर बसलो. माझं पोट मोठं, त्यामुळे तळवा मला स्वतःला दिसत नाही. तिनं माझा उजवा पाय मांडीवर घेतला आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तीस वर्षांच्या संसारात मी त्या तोंडावरचा राग पाहिलाय, रडणं पाहिलंय. पण तेव्हा तिथं जे आलं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं. शिरवळला, दवाखान्यात, माझ्या थोरल्या भावाच्या पायावरची चादर बाजूला केली तेव्हा.

भावालाही साखर होती, मला आहे तशीच. तो तिकडे कारखान्यात कामाला. बुटानं अंगठ्याला फोड आला आणि त्यातून गुडघ्याखालचा पाय गेला. त्यानंतर वर्षभर तो दाराशी खुर्चीवर बसून असायचा. कुणी आलं की लुंगी ओढून घ्यायचा. वर्ष सरलं आणि तोही गेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच हिशोब पक्का बसला होता, की माणूस दवाखान्यात दोन पाय घेऊन जातो आणि एक घेऊन येतो.

म्हणून मी गेलो नाही. तळव्याला, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, छिद्र पडून पाणी येत होतं. मी त्यात हळद भरली, पांढऱ्या खोळीचीच पट्टी फाडून बांधली आणि म्हणालो, "दुखत न्हाई. दुखत न्हाई म्हंजे काय मोठं न्हाई." हे मी बायकोला कमी आणि स्वतःला जास्त सांगत होतो. आतून मी पार घाबरलो होतो. दिवसातून पाच वेळा नमाजाआधी वजू करताना मी हे पाय धुतो. बोटांच्या फटींतून बोट फिरवतो, घोट्यापर्यंत पाणी नेतो. इतकी वर्षं धुतले, पण तळवा उलटा करून कधी बघितला नव्हता.

दोन दिवसांनी सकाळी थंडी वाजून आली. पाय घोट्यापर्यंत सुजून लाल झाला होता. बायकोनं रिक्षा दारात आणून उभी केली होती आणि माझ्या औषधांची पिशवी तिच्या हातात होती.

"मी सांगलीला निघाले," ती म्हणाली. "तुमी येताय का मी एकलीच जाऊ?"

सांगलीच्या डॉक्टरीण बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी पट्टी सोडली, हळद धुतली आणि आधी पायाला हातच लावून बघितला, कुठं गरम, कुठं गार. मग नायलॉनचा एक जाड दोरा काढला, मासे धरायच्या गळाला असतो तसला, काडीच्या टोकाला बसवलेला.

"काका, डोळे मिटा. दोरा टेकला की हो म्हणा."

दोरा म्हटल्यावर मला जरा धीर आला. जन्म दोऱ्यात गेलेला. अंधारात नुसत्या बोटांनी दोरा कितीचा आहे ते मी सांगतो. मी डोळे मिटून वाट बघत बसलो. बाई सुरुवात का करत नाहीत, ते मला कळेना.

"सुरू करा की," मी म्हणालो.

"झालं काका," त्या म्हणाल्या. "दोन्ही पायांना दहा-दहा ठिकाणी टेकवला."

मी डोळे उघडले. बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला खुर्चीवर बसवेना. आपलेच पाय आपल्याला काही सांगत नाहीत आणि आपण वर्षानुवर्षं त्यांच्या भरवशावर चालतोय, हे त्या क्षणी कळलं.

एक्स-रे काढला. बाईंनी तो पडद्यावर लावला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काका, तुम्ही काम काय करता?"

पायाच्या हाडांच्या खाली एक पांढरी, सरळ, बारीक रेघ होती. तिचं भोकसुद्धा दिसत होतं. मी ती लगेच ओळखली. बायकोनंही ओळखली.

"सुई घावली," ती हळूच म्हणाली.

मी दोन गाद्या उसवल्या होत्या, सगळा कापूस चाळला होता, आणि ती शोधत मी तिच्यावरच उभा होतो. प्रत्येक पावलाला ती आत सरकत होती. दुसरा कुणी असता तर पहिल्याच टोचणीला ओरडला असता.

बाईंनी सरळ सांगितलं. सुई आजच काढू. पू साफ करू, मेलेलं मांस काढून टाकू. दुसऱ्या बोटाच्या हाडापर्यंत जंतू गेलेत, ते बोट बहुतेक काढावं लागेल. साखर खाली आणायला इन्शुलिन लागेल. पाय राहील की नाही, ते रक्त किती पोचतंय त्यावर आहे. मग पायाला जेली लावून पेन्सिलीसारखं एक यंत्र टेकवलं. आधी नुसती खरखर आली. बाईंनी जागा बदलली, पुन्हा खरखर. मी मनात कुराणातल्या आयता म्हणायला लागलो आणि मधेच विसरलो. त्या वेळी मला फक्त भावाची ती ओढून घेतलेली लुंगी दिसत होती. मग त्या खरखरीतून आवाज आला, सपक, सपक, सपक.

"हे तुमचं रक्त," बाई म्हणाल्या. "चांगलं येतंय. पाय वाचवायला जागा आहे."

मी त्यांना भावाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "फोड आल्यावर किती दिवसांनी दवाखाना गाठला त्यांनी?"

"महिनाभर घरीच हुता," मी म्हणालो. "दुखत न्हवतं म्हणून."

त्यांनी मान हलवली आणि सही करायचा कागद पुढं केला.

बोट गेलं. पाय राहिला. दहा दिवस रोज पट्टी उघडायची, आणि रोज पट्टी सुटताना मी छताकडे बघायचो. नंतर दोन महिने त्या पायावर वजन टाकायचं नव्हतं. हे सगळ्यांत अवघड गेलं, कारण दुखत काहीच नव्हतं आणि टेकवायचा मोह व्हायचा. बायकोनं चाकं असलेल्या एका खुर्चीला दोरी बांधली आणि मला दुकानातून ओढत फिरवलं. रुखवताच्या गाद्या तिनंच पुऱ्या केल्या. नवरीच्या बापाला कुठून तरी सुईचं कळलं होतं, त्यानं फोन करून विचारलं, "घावली का वो सुई?" ती म्हणाली, "घावली. घरातच हुती."

आता दुकानात लाकडी फळ्यांचा ओटा केलाय, त्यावर उभ्यानं भरतो. पायात मऊ रबराचे बंद बूट, घरातसुद्धा. पाय घालायच्या आधी बूट उलटे करून झटकतो, आत हात घालून चाचपतो. अनवाणी एक पाऊल नाही. मशिदीतही घरचे स्वच्छ मोजे घालून जातो.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी सुया मोजतो. सात भरल्या तरी काम संपत नाही. मी गाठोड्यावर बसतो, बायको चष्मा लावते आणि माझे पाय एकेक करून मांडीवर घेते. टाच, तळवा, बोटांच्या फटी, कापलेल्या बोटाची जागा. बाईंनी मला आरसा दिलाय, तळवा स्वतः बघायला, पण तो मी खुंटीला अडकवून ठेवलाय. मला त्यात बघायचा धीर होत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत बसतो. पायाची बातमी मला तिथूनच कळते. ती पाय खाली ठेवून "काय न्हाई" म्हणेपर्यंत मी श्वास धरून असतो.

काल ती उजव्या पायापाशी जरा जास्त वेळ थांबली.

"काय गं?" मी विचारलं.

"थांबा," ती म्हणाली, आणि चष्मा पुसायला लागली.