गणित बरोबर होतं

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं न्हाय. बायकोला न्हाय, लेकाला न्हाय, म्हादेवाच्या देवळात हात जोडतानाबी न्हाय — त्याला सांगायचं तरी काय, त्यानं बघितलंच असंल. तुम्ही तिऱ्हाईत. तिऱ्हाइतापुढं जीभ जरा सैल सुटती. बसा.

आधी माझी ओळख ऐका. चौथीतनं शाळा सुटली. नळदुर्गला हायवेच्या कडंला माझं वेल्डिंगचं दुकान — ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेरणीयंत्रं, ट्रकांचे मोडलेले फाळके. कुठल्याबी ढाब्यावर विचारा, आप्पानं जोडलेली फ्रेम वाकलेली कुणी बघितली का? न्हाय बघितली. हे मी गर्वानं सांगतो. कबुली द्यायला बसलाय म्हणजे म्हातारा मान खाली घालून बसंल, असं वाटलं होतं का तुम्हाला? गर्व होता, अजून हाय. आन् त्या गर्वापायीच हे सगळं घडलं.

एका वर्षी इंजिनिअरिंग कॉलेजातले एक सर दुकानात आले. चहा घेत म्हणले, "आप्पा, आमची पोरं फळ्यावर यंत्र काढतात आन् हाताला काळं लागू देत नाहीत. ह्यांचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तुमच्या दुकानात होऊ द्या. शेतकऱ्याला खरंच वापरता येईल असं काहीतरी करू द्या."

माझी छाती फुगली. का फुगू नये? चौथीतनं सुटलेल्या माणसाच्या दारात इंजिनेर शिकायला येणार! हो म्हणलो.

तीन पोरं आली आन् एक पोरगी. पोरगी लोहाऱ्याची, प्रज्ञा नाव, बाप तहसीलीत शिपाई. रोज काळीपिवळी जीपमधी कोंबून यायची आन् उतरल्या उतरल्या बाह्या वर करायची. त्यांना लहान ट्रॅक्टरमागं चालंल असं हरभऱ्याचं पेरणीयंत्र करायचं होतं. सरांनी कॉलेजात शब्द टाकला होता — रब्बीच्या पेरणीला हे यंत्र शेतात चाललं, तर पुढच्या वर्षीपासून अशाच दुकानांत पोरं धाडायची. न्हाय चाललं तर पुन्हा फळा. आन् प्रज्ञाचं? तिनं बापाला सांगितलं होतं, मी कागदावरची इंजिनेर होणार न्हाय.

मी शिकवलं. रॉड कसा धरायचा, ग्राइंडर कुणीकडनं चालवायचा, ठिणगी बघून लोखंड कसं ओळखायचं. सगळं शिकवलं. सगळं म्हणजे — थांबा. इथंच गाडी अडती माझी.

आमच्या धंद्यात एक चाल हाय. उस्ताद सगळं देतो, पण हातचं एक राखतो. माझ्या उस्तादानं माझ्यापासून जे राखलं, ते हे — लोखंडाला झाळ लावली, म्हणजे वेल्डिंग केलं, की ते गार होताना ओढतं. लांब फ्रेम असली तर केळीच्या पानावाणी बाक येतो. म्हणून झाळ लावायच्या आधीच फ्रेमला उलटा बाक देऊन क्लॅम्पात आवळायची, एकदा ह्या अंगानं, एकदा त्या अंगानं जोडायची, आन् पार गार झाल्याबिगर सोडायची न्हाय. मग सुटली की सरळ. एवढंच. सांगायला एका चहाचा वेळ लागतो. पण उस्तादानं मला सांगितलं न्हाय कधी. माझं जवानपण त्यात गेलं. भिंतीआडून, खिडकीतनं, चोरून चोरून बघून मी ते उचललं. मग मी ते कालच्या पोरांना ताटात वाढून का द्यावं?

माझ्या स्वतःच्या फ्रेमचं काम त्या जागी आलं की मी पोरांना म्हणायचो, "जावा रं, पलीकडच्या ढाब्यावरनं चहा घेऊन या." सगळ्यांना. एका चहाला चार जणं कशाला लागतात? त्यांनी कधी विचारलं न्हाय. परत यायच्या आत माझी फ्रेम आवळून जोडलेली असायची.

त्यांची पहिली फ्रेम वाकली. बी सोडायचा शाफ्ट अडकाय लागला, हरभरा भरडून बाहेर पडाय लागला. डाळ पेरता का रं, म्हणून ढाब्यावरची माणसं हसली. प्रज्ञा वही घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. "आप्पा, जाडी बरोबर धरलीया, वजन बरोबर धरलंय. मग वाकती कशी?"

त्या वहीतलं मला काय कळतं? काहीबी न्हाय. पण फ्रेम का वाकली, ते मला कळत होतं. भर दुपारच्या उन्हावाणी लख्ख कळत होतं. तिच्या गणितानं वाकली न्हवती.

आन् मी म्हणलो, "गणित चुकलंय तुझं."

ही माझी चूक. बाकी सगळं त्या चुकीभोवती गुंडाळलेलं फडकं. न सांगणं एक वेळ धंद्याची चाल म्हणून खपलं असतं. पण मी न सांगून थांबलो न्हाय — बरोबर असलेल्या गोष्टीला चूक म्हणलो. ती दिवस दिवस कोपऱ्यात बसून तेच गणित पुन्हा मांडायची. बरोबर यायचं, पुन्हा खोडायची. दुसरी फ्रेम वाकली. मी वरनं मीठ चोळलं, "लोखंड हाय ते, पुस्तक न्हवं. पान उलटलं म्हणून सरळ होतंय व्हय?" तिघं पोरं उठली आन् कॉलेजात जाऊन कागदावरचा प्रोजेक्ट घेतला. त्यातला एक जाताना म्हणला, "आप्पा, आमच्या हातातच न्हाय हे." त्याच्या हातात चांगलं होतं. मीच काढून घेतलं होतं. तेव्हाबी सांगता आलं असतं. मी रॉड पेटवला आन् तोंडापुढं काच धरली.

ती एकटी उरली.

मग तिनं काय केलं, ऐका. भंगारातले पाइपाचे तुकडे वेचले. एकेका तुकड्याला दोरा ताणून बांधायची, झाळ लावायची, गार झाला की दोरा आन् पाइप यांच्यात किती फट पडली ते पट्टीनं मोजायची आन् भिंतीवर खडूनं लिहायची. माझ्या दुकानाची भिंत तिनं पांढरी करून टाकली. दिवाळी आली, घरनं फोनावर फोन — पोरगी हलंना. मी म्हणलो, "भिंत सारवतीस का यंत्र करतीस?" म्हणली, "गणितात चूक घावंना आप्पा. म्हणून आता लोखंडालाच विचारती."

आन् लोखंडानं सांगितलं तिला. एका सकाळी मी आलो तर फ्रेम क्लॅम्पात आवळलेली, खाली करवतीची मोडकी पाती एकावर एक घालून उलटा बाक दिलेला. किती पाती घालायची, ते भिंतीवर लिहिलेलं. मी जन्मभर अंदाजानं देत आलो — एखादी चुकायची, ती मी रातोरात भट्टीत घालून सरळ करायचो, कुणाला दिसू द्यायचो न्हाय. तिला अंदाजाची गरजच न्हवती. क्लॅम्प सोडला. दोरा लावला. केसाएवढी फट न्हाय.

"आप्पाऽ!" अशी ओरडली, की ढाब्यावरचे ट्रकवाले उठून आले.

लोहाऱ्याजवळच्या रानात पेरणी झाली. बांधावर ही गर्दी. एक म्हातारा शेतकरी कुजबुजला, "हे यंत्र हाय का बाळाचा पाळणा?" ट्रॅक्टर प्रज्ञाच चालवत होती. पेरणीची पहिली ओळ संपली, तसा तोच म्हातारा उकिडवा बसला आन् बोटानं माती उकरत गेला — दाणा, मग चार बोटं जागा, मग दाणा. सगळा अख्खा. त्यानं उठून डोक्यावरची टोपी हवेत भिरकावली. तिचा बाप नुसता मातीकडं बघत राहिला, आन् मग लेकीकडं. काय सांगू तुम्हाला, माझ्या स्वतःच्या पहिल्या ट्रॉलीलाबी माझा ऊर एवढा भरून आला न्हवता.

इथवर गोड हाय. आता पुढचं.

सरांनी माइक घेतला. म्हणले, "आप्पांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांच्या एकाही फ्रेमला बाक नसतो, मी स्वतः बघितलंय. पण त्यांनी उत्तर दिलं नाही. मुलीला शोधायला लावलं. खरा गुरू असा असतो!" टाळ्या. मला फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. एका शब्दानं सगळं मिटलं असतं — न्हाय सर, मी खोटं बोललो पोरीशी. तो शब्द निघंना. फेटा छान बसला होता.

तिथनं कॉलेजांची बोलावणी सुरू झाली. मी स्टेजवर उभा राहून मास्तर लोकांना सांगाय लागलो, पोरांना उत्तर देऊ नका, शोधू द्या. माझ्या आपमतलबाला लोक शिक्षणाची पद्धत म्हणाय लागले आन् मी मान डोलवली. किती वर्षं? मोजली न्हाईत.

परवा कळंबला गेलो होतो. तिथं प्रज्ञाचं स्वतःचं दुकान हाय आता — मोठं शेड, कॉलेजची पोरं-पोरी कामाला. एक पोरगी त्याच दिवशी नवी आलेली. प्रज्ञा तिचा हात धरून क्लॅम्पावर ठेवत होती, "हे बघ, आधी उलटा बाक द्यायचा. वही ठेव, हात लाव."

मला राहवलं न्हाय. "पहिल्याच दिवशी सांगतीस व्हय गं?"

"मग काय आप्पा? माझी दिवाळी गेली ह्यात. ह्यांनी पुढचं शोधावं की."

आन् पुढचं त्यांनी शोधलं होतं. कोपऱ्यात एक फ्रेम उभी होती — दुमडलेला पत्रा, नटबोल्ट, झाळ नावापुरती. ती ओढतच न्हाय. तिला बाक द्यायची गरजच न्हाय. जे मी जन्मभर मुठीत आवळून बसलो, ते त्या पोरांनी बिनकामाचं करून टाकलं होतं. मी त्या फ्रेमवरनं हात फिरवला. वाईट वाटलं का? न्हाय. ताठ झालो. अशी सुरेख चीज मी आजवर बघितलेली न्हाय, आन् ती माझ्या दुकानातनं गेलेल्या पोरीच्या शेडात उभी होती.

मग तिनं सगळ्यांना हाक मारली. म्हणली, "हे माझे आप्पा. ह्यांनी मला न सांगता शिकवलं."

मी हसलो. पुन्हा हसलो, स्टेजवर हसतो तसाच.

न सांगता शिकवलं न्हाय, पोरी. सांगितलं न्हाय, एवढंच केलं मी. शिकलीस तू.