फोटोतली अर्धी शेळी

फोन ठेवू नकोस शालू, आधी माझी बोलणी खा. बावधन ते मुळशी काय विलायत आहे का गं? दिवाळीला येते म्हणालीस, आता आंब्याला मोहोर आला. नुसते फोन करतेस. आणि दर फोनला तेच – पाहुणे आले होते, हॉलमधला तू काढलेला लांबलचक फोटो बघून वेडे झाले, काय हात आहे गं तुझा! पुरे कर आता. ते कौतुक ऐकलं की माझ्या अंगाची लाही होते. तुझ्यावर चिडत नाही मी. म्हणजे – थोडी चिडते. त्यातल्या अर्ध्या शेळीला तू हसतेस म्हणून. मशीनची गंमत म्हणतेस.

ती मशीनची गंमत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, पोरीलासुद्धा नाही.

माझं खूळ तुला माहीत आहे. पोरीनं टाकून दिलेला कॅमेरा आणि कंप्युटर मी उचलला. मोबाईलनं लांब फोटो काढला की आमच्या समोरचा बांध केळ्यासारखा वाकतो, ते मला पटेना. मग जुनं जातं गच्चीवर चढवून घेतलं. वरच्या दगडावर कॅमेरा घट्ट बसवायचा, खुंटा धरून जरासं फिरवायचं, एक फोटो. परत जरासं, दुसरा. प्रत्येकात आधीच्याचा थोडा भाग आलाच पाहिजे, नाहीतर जोडणार कशाला काय? मग खाली बसून कंप्युटरवर जुळवायचं – झाडाला झाड, बांधाला बांध. वाकळ शिवल्यासारखंच. पण जोड दिसता कामा नये. माझा जोड कुणाला सापडत नाही याचा मला केवढा ताठा होता! आठवी शिकलेली बाई मी – का नसावा?

तर माझ्या दिरांनी डोंगराकडचा आमचा उतार विकायला काढला. म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाईक भाळलं पायजे असा फोटो काढा. पाणी, डोंगर, हिरवळ. त्या ठकूचं खोपटं तेवढं नको."

ठकूबाई म्हणजे त्या उतारावरची धनगराची बाई. तिचं खोपटं, शेळ्यांचं वाडगं तिथं माझ्या लग्नाच्या आधीपासून. माझ्या सासऱ्यांनीच तिच्या सासऱ्याला सांगितलं होतं – राहा इथं, कोण उठवतंय तुला. कागद नाही, नुसता शब्द. माझ्या पोरीला लहानपणी दुसरं कुठलंच दूध पचेना, तेव्हा सकाळी शेळीच्या दुधाचा तांब्या घेऊन दारात कोण यायचं? जाऊ दे – नाही, जाऊ कशाला दे! ठकूबाईच यायची.

आणि मी काय केलं? खोपट्याचा फोटो जोडलाच नाही. शेजारचे दोन जवळ ओढले, मधल्या भगदाडात दुसरीकडचं गवत आणून बसवलं. मला कुणी दटावलं नव्हतं बरं का. जमतंय का बघू, एवढंच डोक्यात. जमलं! नुसती एक शेळी जोडावर आली होती. तिचं पुढचं अंग गेलं, मागचं राहिलं. मला तेव्हा दिसलंच नाही.

पुढं पुण्याचं गिऱ्हाईक आलं. ठकूबाई उठायला तयार होईना. देवळासमोर सगळे बसले. दिरांनी फोटोची गुंडाळी उलगडली – "बघा साहेब, मागच्या पावसाळ्यानंतरचा फोटो. हाय का खोपटं? ही बया आत्ता येऊन बसलीया." गावाला माहीत नव्हतं का? सगळ्यांना माहीत होतं! पण ज्याला त्याला आपापला तुकडा विकायचा होता. गप्प बसले सगळे, मेले.

ठकूबाई वाकली. त्या एवढ्या लांब फोटोवर बोट फिरवत गेली आणि थांबली. "ही माजी चांदी हाय. हिच्या मागच्या पायावर पांढरा ठिपका हाय, बगा."

"अर्धीच शेळी पाळतीस व्हय गं?" दीर म्हणाले. सगळे हसले.

ती नाही हसली. माझ्याकडं बघितलं. "आक्का, तुमी सांगा की."

त्या साहेबांनीही विचारलं, "काकू, फोटो तुम्हीच काढलात ना? तेव्हा तिथं घर नव्हतं?"

मी म्हणाले, "न्हाई. तिथं काय नव्हतं. शेळी म्हणजे मशीनची चूक हाय."

दिरांना भिऊन? छट्! त्यांना मी कधी भ्यायले? मला वाटलं, आता खरं सांगितलं तर चारचौघांत माझा जोड उघडा पडेल. एवढंच. एकीकडं बाईचं घर, एकीकडं माझा जोड – आणि मी जोड वाचवला.

खोपटं पाडलं. आता तिथं रिसॉर्टचा पोहायचा तलाव आहे. धरणाच्या काठाला तलाव! पाणी कमी पडलं होतं का यांना? शेळ्या विकून ठकूबाई महाळुंग्याला गेली. लेक तिथं वॉचमन आहे, त्याच्या खोलीत राहते. एकदा बाजारात समोर आली. "पोरगी बरी हाय न्हवं, आक्का?" एवढंच. शिवी तरी द्यायची! तोंडावर थुंकायचं! मी पिशवी सावरत "व्हय, बरी हाय" म्हणाले आणि पुढं निघाले.

फोटो मात्र दिरांनी हौसेनं वाटले. त्यातलाच एक तुझ्या भिंतीवर आहे.

न जोडलेला तो फोटो मी पुसला नाही. कंप्युटरमध्ये आहे. खोपटं आहे, वाडगं आहे, दारात ठकूबाई उभी आहे – गच्चीवर मला बघून हात हलवतेय. आणि तिच्या पायाशी चांदीचं तोंड, पुढचे दोन पाय.

मोहोर गळायच्या आत ये शालू. आता हसण्याआधी ती शेळी अख्खी बघ.