खोली दाखवा

शाळेतली मुलं माझ्या वहिनीला मांजर म्हणायची आणि मला ते नाव मनापासून पटायचं. परीक्षेच्या वर्गात ती फिरायची तेव्हा पावलांचा आवाज म्हणून नसायचा. कॉपी करणाऱ्याच्या मागे जाऊन ती नुसती उभी राहायची. अवाक्षर बोलायची नाही. थोड्या वेळाने पोरगा आपणहून चिठ्ठी काढून द्यायचा. "डोळे काय गं, कुठेही भिरभिरतात," ती म्हणायची, "चोरी खांद्यांत दिसते."

पुढे तिच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि शाळा सुटली. मग तिने घरबसल्या सुपरव्हिजनचं काम धरलं. मुलं आपापल्या घरी बसून ऑनलाइन पेपर देणार आणि त्यांचे चेहरे हिच्या स्क्रीनवर लहान लहान चौकटींत दिसणार. कुणाची नजर सारखी बाजूला गेली की मशीन त्या चौकटीला लाल रेघ आखतं. मग हिने बटण दाबायचं, 'संशय खरा' नाहीतर 'संशय खोटा'. खरा म्हटलं की पेपर तिथेच बंद. मुलांना ही दिसत नाही, हिचा आवाजही ऐकू जात नाही. काही सांगायचंच झालं तर कंपनीने लिहून ठेवलेलं एखादं वाक्य निवडून पाठवायचं. पदरचा एक शब्द घालायची सोय नाही. जन्मभर फळ्यासमोर बडबड करून पोट भरलेल्या बाईला हे कसं सोसत होतं, देव जाणे.

आणखी एक नियम होता. परीक्षा देणाऱ्याच्या खोलीत दुसरं माणूस चालत नाही, तसंच पहारा करणाऱ्याच्या खोलीतही चालत नाही. वहिनीवरही कॅमेरा रोखलेला असायचा. माझा भाऊ त्या दाराकडे फिरकायचा नाही. मला मात्र असले नियम पाळायचा पहिल्यापासून कंटाळा. मी टेबलाच्या कडेला जमिनीवर, कॅमेऱ्याच्या खाली बसून लसूण सोलायचे. वहिनीला तेवढीच सोबत. "तू असलीस की वर्गात असल्यासारखं वाटतं," ती म्हणायची, "मागच्या बाकावरची उनाड पोर."

त्या दिवशी नर्सिंगच्या प्रवेशाचा पेपर होता. कोपऱ्यातल्या चौकटीतली एक मुलगी लाल झाली. दोन ओळी वाचायची आणि डावीकडे बघायची, पुन्हा दोन ओळी, पुन्हा डावीकडे. मी गुडघ्यांवर उठून डोकावले.

"कॉपी करतेय ही."

"खाली बस, दिसशील. आणि खांदे बघ तिचे. कसे सैल आहेत. कॉपी करणारा आखडतो."

तिने 'खोटा' दाबलं. चौकट परत लाल झाली, हिने परत 'खोटा' दाबलं. लगेच फोन वाजला. वहिनीने तो स्पीकरवर टाकला. तिचे साहेब होते, तिच्या विद्यार्थ्याच्या वयाचे आणि अतिशय नम्र. त्या नम्रपणाचीच मला धास्ती वाटायची.

"मॅडम, एकाच उमेदवाराला दोनदा सोडलंत. आता लाल झाली तर मिनिटभरात मशीनच पेपर बंद करेल. खात्री तरी करून घ्या."

खात्री करायचा मार्ग एकच होता. 'कृपया खोली दाखवा' हे वाक्य पाठवायचं, मुलगी कॅमेरा चहूकडे फिरवणार, खोली रिकामी दिसली की संशय मिटला. "एकदाची खोली दाखवली की कुणी तिच्या वाटेला जाणार नाही," असं म्हणत वहिनीने ते वाक्य पाठवलं. मुलीचं भलं करायला निघाली होती ती.

मुलीने वाक्य वाचलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"वहिनी, खांदे," फोनवर ऐकू जाऊ नये म्हणून मी कुजबुजले.

"दिसतंय मला."

वहिनी भराभरा ती तयार वाक्यं धुंडाळू लागली. कृपया समोर पाहा. कृपया सूचनेचं पालन करा. आपला पेपर रद्द होऊ शकतो. घाबरू नकोस, असं त्यांत कुठेच नव्हतं. तोवर मुलीने लॅपटॉप उचलून फिरवायला घेतला. कपाट दिसलं, दोरीवरचे कपडे दिसले, आणि मग पलंग. तिथे तिने घाईने लॅपटॉप पुढे नेला, पण मशीनने टिपायचं ते टिपलं. पलंगावर एक बाई निपचित पडली होती, नाकात नळी. मुलीचेच नाक-डोळे. आईचा श्वास चालू आहे ना, एवढंच ती पोर मघापासून बघत होती.

चौकट लाल झाली. खाली अक्षरं उमटली, 'खोलीत दुसरी व्यक्ती'. आता मिनिटभरात वहिनीने काही केलं नाही तर पेपर आपोआप बंद होणार होता.

"खरा दाबा, मॅडम," साहेब फोनवरून म्हणाले.

"अहो, त्या बाईला शुद्ध तरी आहे का? ती काय उत्तरं सांगणार?"

"ते आपण ठरवायचं नसतं. दुसरं माणूस म्हणजे दुसरं माणूस."

"मग मला कशाला बसवलंय इथे? लाल ओळखायला तुमचं मशीन पुरेसं आहे."

"नियम आहे, मॅडम."

वहिनीने खाली माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली पाकळी तशीच राहिली. मी मानेनेच नको नको म्हणत होते, पण तिने कधी कुणाचं ऐकलंय?

"माझ्याही खोलीत दुसरं माणूस आहे," ती म्हणाली. "माझी नणंद. लसूण सोलतेय. रोज असते. आता ठरवा, आजवरचे माझे सगळे पेपर बंद करणार का?"

आणि तिने 'खोटा' दाबलं.

साहेब त्याच नम्र आवाजात म्हणाले, "हा पेपर संपला की तुमचं लॉगिन बंद होईल." मला रडू आलं आणि तिचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदमच.

मुलीचा पेपर चालू राहिला. पण आता ती डावीकडे बघेना. मान ताठ, डोळे स्क्रीनवर खिळलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. आपल्याला कुणी वाचवलं हे तिला कळायचा मार्गच नव्हता. कुणीतरी बघतंय, एवढंच तिला ठाऊक होतं.

"बघ गं," वहिनी काचेला सांगत होती. "बघ एकदा तिकडे. मी दाबते ना खोटा. बघ."

तिने शेवटपर्यंत बघितलं नाही. वेळ संपली तशी ती खुर्ची मागे ढकलून धडपडत उठली, आणि त्याच क्षणी चौकट काळी झाली. पाठोपाठ वहिनीची सगळी स्क्रीनच काळी झाली.

"बरी असेल ना गं तिची आई?" मी विचारलं.

वहिनी गुडघे चोळत म्हणाली, "वर्गातल्यासारखी तिच्या खोलीत असते, तर आईजवळ मी जाऊन बसले असते. तिला म्हटलं असतं, तू लिही."