कागदी ताटली आणि पाचवी गोळी

आमच्या बार्लो गावात नाताळात नवऱ्यांनी बायकांना पिस्तूल द्यायची पद्धत आहे. पिस्तूल लहान असतं, कारण बाईचा हात लहान असतो असा समज आहे. रंग शक्यतो फिकट. बायका थँक्यू म्हणतात, नवऱ्याचा मुका घेतात आणि ते पिस्तूल गाडीच्या पुढच्या कप्प्यात, बर्गरवाल्याने दिलेल्या कागदी रुमालांखाली ठेवून देतात. पुढची गाडी घेईपर्यंत ते तिथेच असतं.

विल्डा स्ट्राउड यांना असं पिस्तूल कधी मिळालं नव्हतं. त्यांचे यजमान फ्लॉइड हे व्यवहारी गृहस्थ. त्यांनी एका नाताळात बायकोला बर्फपेटी दिली आणि पुढच्या नाताळात त्या पेटीत ठेवायला अर्धा बैल दिला. आता फ्लॉइड नाहीत, बर्फपेटी आहे. विल्डाबाईंनी सत्तरी ओलांडलीय, आणि त्या पियानो सुरात लावतात. मिसुरीच्या आमच्या डोंगराळ कोपऱ्यात तीन काउंट्यांमधली चर्चं, दोन शाळा आणि घरोघरचे असे पियानो, जे कुणी वाजवत नाही पण विकायचा जीवही होत नाही, हे सगळं त्यांच्याकडे. महिन्यातले बरेच दिवस त्या जुन्या गाडीत हत्यारांची पिशवी टाकून एकट्याच फिरतात. ही फेरी म्हणजे त्यांचं काम, सहल आणि वर्तमानपत्र, तिन्ही एकदम. मी त्यांचा शेजारी. माझा पियानोही त्याच लावतात.

मार्चमध्ये आडरस्त्यावर त्यांचं टायर बसलं. एक अनोळखी माणूस थांबला, त्याने टायर बदलून दिलं, केळ्याच्या केकचा तुकडा खाल्ला आणि गेला. रविवारच्या जेवणात विल्डाबाईंनी हा किस्सा चवीने सांगितला. माणसाच्या मानेवर गोंदलेला कोंबडा होता, हेही सांगितलं. त्यांची मुलगी जनेल हिने टायर ऐकलं नाही, केक ऐकला नाही. तिने अनोळखी माणूस आणि कोंबडा एवढंच ऐकलं.

"ममा, आता एक तर पिस्तूल जवळ ठेव, नाहीतर फेऱ्या बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये."

"तुमच्याकडे पियानो नाही."

"मोठा टीव्ही आहे."

"म्हणूनच म्हणते."

पण जनेल हटली नाही. आईची गाडी आपल्या नावावर आहे, याची तिने आवाज न चढवता आठवण करून दिली. अखेर जावई रॉइस याने तोडगा काढला. चर्चच्या जेवणात बटाट्याचं सॅलड वाढतात ती कागदी ताटली मातीच्या बांधाला टाचायची. सात पावलांवरून पाचही गोळ्या ताटलीत बसल्या तर विल्डाबाई पिस्तूल बाळगतील आणि फेऱ्या चालू राहतील. नाही बसल्या, तर गाडीची किल्ली जनेलकडे. तोडगा निघाला म्हणून रॉइस खूश झाला. ज्यांच्यासाठी तो काढला त्या दोघी तेवढ्या झाल्या नाहीत.

शनिवारी सकाळी रॉइसच्या कुरणामागच्या खडीच्या जुन्या खाणीत आम्ही जमलो. मी गेलो ते विल्डाबाईंच्या कानांच्या काळजीने. त्यांनी मात्र कानात फोमचे बोळे घालून वर इयरमफही चढवले होते, त्यामुळे सगळं बोलणं ओरडून झालं. अंगात चर्चला घालायचा, मोठ्या गळ्याचा ब्लाउज होता. ज्याला सामोरं जायचंय त्याचा मान राखायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

पिस्तूल जनेलने निवडलेलं, फिकट जांभळं. विल्डाबाईंनी ते तळहातावर तोललं.

"दिसायला साबणाच्या वडीएवढं, आणि वजन बघ! रिकामं आहे ना?"

रॉइसने उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्वतः पाहिलं, बोट घालून पाहिलं.

"आता खोलून सुटं कर."

"मिस विल्डा," रॉइस म्हणाला; इथले जावई सासूला अशीच हाक मारतात. "आपण चालवायला आलोय."

"झाकण काढून आत बघितल्याशिवाय मी पियानोच्या पट्टीलाही हात लावत नाही."

रॉइसने ट्रकच्या फळीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर पिस्तुलाचे चार भाग सुटे केले. विल्डाबाई वाकून बघत राहिल्या. बाजूला सॉसेजची बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, निवत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"ही स्प्रिंग केवढीशी आहे! आणि एवढा दणका हिनेच सोसायचा?"

"हो, म्हणून ती कडक. म्हणून वरचा भाग मागे ओढायला जड जातो. बऱ्याच बायकांना ओढताच येत नाही."

विल्डाबाईंनी पिस्तूल पुन्हा जोडायला लावलं आणि तो भाग एका झटक्यात मागे ओढला. आयुष्यभर पियानोच्या खुंट्या पिळलेले हात होते ते. मग रिकामंच पिस्तूल बांधाकडे रोखून त्यांनी चाप दाबत नेला. डोळे मिटले होते, ऐकायला मिटतात तसे.

"काही नाही… अजून काही नाही… आता जरा अडलं… सुटलं." त्यांनी डोळे उघडले. "आमच्या पट्टीतही शेवटी असाच अडखळा असतो, तिथून तारेवर आपटणारी हातोडी सुटते. पण हा फारच लांबून येतो. स्वस्त पियानो असाच असतो."

"ममा, ते काही स्वस्त नव्हतं," जनेल ओरडली.

गोळ्या भरल्या. पहिला बार झाला. ताटलीच्या बऱ्याच खाली बांधाची माती उडाली. नळीने आकाशाकडे पाहिलं, विल्डाबाईंनी पिस्तुलाकडे.

"कसं वाटलं?" रॉइसने विचारलं.

"बकरी हात चाटायला आली आणि चावली." त्या अंगठ्याच्या बेचक्याकडे निरखून पाहत होत्या. "आवाजाला सूर म्हणून नाहीच. नुसती धार. आणि लहान असून एवढं उसळतं कशाला?"

"लहान आहे म्हणूनच. धक्का तेवढाच, तो पचवायला अंगच नाही. लहान पिस्तूल चालवायला सगळ्यात अवघड."

"मग आम्हाला लहान का देता?"

रॉइस विचारात पडला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, हा प्रश्न या काउंटीत आधी कुणी विचारला नसावा. "बायकांचे हात लहान असतात ना," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

दुसरा बार झाला आणि गोळीची तापलेली रिकामी पुंगळी उडून थेट ब्लाउजच्या गळ्यात गेली. असं झालं की माणूस पिस्तुलासकट गरागरा फिरतो, म्हणून इथली जुनी माणसं नेमबाजीला गळ्यापर्यंत बटणं लावून येतात. विल्डाबाईंचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी आधी चापावरचं बोट काढलं, पिस्तूल बांधाकडे तोंड करून समोरच्या घडीच्या टेबलावर ठेवलं, दोन पावलं मागे आल्या, आणि मग नाचल्या. चांगल्याच नाचल्या.

"शाबास!" रॉइस मनापासून म्हणाला. "अशा वेळी एकाने गर्रकन वळून माझ्या ट्रकचा आरसा फोडला होता."

"कुणी?"

रॉइसने ढगांकडे पाहिलं.

"तो आरसा जुनाच होता," जनेल म्हणाली.

उरलेल्या तीन गोळ्यांतल्या दोन ताटलीच्या काठाला लागल्या. जनेल ताटली काढून घेऊन आली. तिला हसायचं नव्हतं, पण सुटल्यासारखं वाटत होतं ते लपत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे मानेवरचा कोंबडा महिनाभर उभा होता.

"ममा, तुझी खोली आवरून ठेवलीय. खिडकीतून तळं दिसतं."

विल्डाबाईंनी खिशातली गाडीची किल्ली काढली. ती हातातच ठेवली. मग म्हणाल्या, "देते. आधी तू दाखव."

"काय?"

"पाच. ताटलीत. तुझ्या पिस्तुलाने. मला निदान बघू तरी दे, जमलं की कसं दिसतं ते."

जनेलने रॉइसकडे पाहिलं. रॉइसने बिस्किट उचललं. तिला जाऊन कप्प्यातून पिस्तूल आणावं लागलं. त्याच्याबरोबर कागदी रुमाल, एक स्ट्रॉ आणि केचपची पुडी आली. वरचा भाग ओढायला तिने पिस्तूल गुडघ्यांत धरलं, तेव्हा रॉइस चटकन पुढे झाला आणि त्यानेच तो ओढून दिला. नवी ताटली टाचली. पाच बार झाले. पाचव्यानंतरही ती ताटली सॅलड वाढायच्या लायकीची होती.

विल्डाबाईंनी इयरमफ उतरवले आणि कानातले बोळे काढले.

"मला वाटायचं," जनेल म्हणाली, "ते गाडीत आहे म्हणजे…"

"हो. मलाही तसंच वाटावं, असं हवं होतं ना तुला?" विल्डाबाईंनी हे टोचून म्हटलं नाही. त्यांनी लेकीच्या हातातली केचपची पुडी घेऊन कचऱ्याच्या पिशवीत टाकली. "ऐक. दर शनिवारी दोघी इथे यायचं. दोघींच्या ताटल्या पाच-पाच भोकांनी भरतील त्या दिवसापासून पिस्तूल माझ्या पिशवीत. तोवर किल्ली माझ्याकडे आणि फेऱ्या चालू."

"तोवर तू नि:शस्त्र फिरणार?"

"तूही तशीच फिरतेयस की. फक्त तुला आज कळलं."

जनेलने वाद घातला नाही. फक्त एक अट घातली: रोज निघताना आणि पोचल्यावर फोन करायचा. विल्डाबाईंनी ती मान्य केली. हेच मार्चमध्ये मागितलं असतं तरी मिळालं असतं, असं मला वाटलं. पण मी शेजारी आहे, मला वाटून उपयोग नसतो.

त्याला आता सहा महिने होत आले. पिस्तूल चर्चमध्ये न्यायचं तर पाद्रीबुवांची परवानगी लागते, आणि विल्डाबाईंच्या फेरीत पाद्रीबुवाच पाद्रीबुवा. त्यामुळे ते पिशवीत जायची त्यांना घाई नाही. कुतूहल मात्र आहे. त्यांनी पिस्तुलाच्या मुठीला पियानोच्या आतला लाल लोकरी नमदा चिकटवून पाहिला. दोन बारांत तो गळून पडला, तेव्हा कारण शोधण्यात त्यांचा अख्खा शनिवार गेला. जनेलने उन्हाळ्यातच ताटली भरली आणि ती फ्रिजवर लावली. आता ती गळ्यापर्यंत बटणं लावते आणि पिस्तुलाचा वरचा भाग स्वतः ओढते.

विल्डाबाईंच्या ताटलीत मात्र दर वेळी चारच भोकं असतात. परवा रॉइसने मला बांधाजवळ नेऊन दाखवलं. ताटलीच्या उजवीकडे, वीतभर अंतरावर, मातीत एकच खड्डा पडलाय. त्यांची पाचवी गोळी दर शनिवारी तिथेच जाते. एका अंड्यानेही तो झाकला जाईल.

काल त्या माझा पियानो लावायला आल्या होत्या. मी विचारलंच, "ती पाचवी मुद्दाम मारता ना?"

त्यांनी मधली पट्टी दाबली, खुंटी केसभर फिरवली आणि पुन्हा दाबली.

"हल्ली जनेल दर शनिवारी येते," त्या म्हणाल्या. "डोनट आणते. आता जरा गप्प बस, मला ऐकू दे."