नियम कोणी केला?

कुठलाही नियम सांगा, वकीलकाका आधी विचारायचे, "केला कोणी?" अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या मराठी मंडळाने एका वर्षी गणपतीच्या जेवणाला घरचे पदार्थ आणायला बंदी केली, तेव्हा श्रीखंडाचा डबा घेऊन ते दारातच उभे राहिले. "कमिटीत ठराव झालाय, की सेक्रेटरीने परस्पर ईमेल टाकली?" ईमेलच होती. श्रीखंड आत गेलं.

मी तेव्हा मास्टर्स करत होतो आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. काका मूळचे नागपूरचे. अमेरिकेत येऊन पुन्हा कायदा शिकले आणि घराजवळच छोटं ऑफिस थाटून बसले. घरात बंदुकीचा विषय निघत नसे. काकूंचा धाकटा भाऊ इथल्याच एका पेट्रोल पंपावर काम करताना दरोड्यात गोळी लागून गेला होता. हॉलमध्ये त्याचा फोटो होता.

अशा घरात काकांनी फ्रँकची केस घेतली. फ्रँक म्हणजे मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला म्हातारा. रायफलमधून भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून बसवायचा एक सुटा भाग त्याने रीतसर दुकानातून घेतला होता. पुढे वॉशिंग्टनमधल्या एका खात्याने जुन्याच कायद्याचा नवा अर्थ लावला आणि तो भाग बाळगणं गुन्हा ठरलं. इथल्या संसदेने एक अक्षर बदललं नव्हतं. फ्रँकला त्या नव्या अर्थालाच कोर्टात आव्हान द्यायचं होतं.

"अहो, एवढे वकील आहेत गावात. तुम्हीच का?" काकूंनी विचारलं.

"त्याचं म्हणणं खरं आहे म्हणून," काका म्हणाले. "खात्याने कायदा राबवावा. नवा गुन्हा तयार करायचा अधिकार त्याला कोणी दिला? आज आपल्याला आवडणारा नियम करतील, उद्या न आवडणारा."

नंतर कित्येक आठवडे त्या घरात कामापुरतंच बोलणं होतं. मंडळातही लोक काकांना टाळू लागले. एकाने तर तोंडावर विचारलं, "काका, मेव्हण्याचा फोटो अजून आहे ना भिंतीवर?" काका उठून गेले. त्या दिवशी जेवले नाहीत.

खालच्या कोर्टात ते हरले, अपिलात जिंकले. फ्रँक केक घेऊन ऑफिसात पोचला, तेव्हा काका पत्र टाइप करत होते. आमच्या भागातून निवडून गेलेल्या प्रतिनिधीला. मजकूर साधा होता: हा भाग धोकादायक आहे, संसदेने कायदा करून तो बंद करावा. त्यांनी ते फ्रँकलाच आधी वाचायला दिलं. मी शेजारीच होतो.

"तुम्ही माझे वकील आहात!" फ्रँक ओरडला.

"तुमची केस मी जीव तोडून लढलो," काका शांतपणे म्हणाले. "माझं मत मात्र माझंच आहे."

फ्रँक केक तिथेच ठेवून निघून गेला.

घरी आल्यावर काकांनी पत्र डायनिंग टेबलवर ठेवलं आणि नुसते बसून राहिले. काकूंनी हात पुसले, चष्मा लावला, पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "मी सही कुठे करू?"

काकांनी पेन पुढे केलं.

तो कायदा काही झाला नाही. काका मात्र दरवर्षी पत्र पाठवत राहिले, खाली दोन सह्या करून. मागच्या हिवाळ्यात ते गेले. अंत्यसंस्कारानंतर आम्ही घरी जमलो होतो, तेव्हा फ्रँक आला. दारातच टोपी हातात धरून उभा. मंडळातल्या कोणी त्याला ओळखलं नाही. काकूंनी ओळखलं. त्या उठून त्याच्यापाशी गेल्या आणि आपल्या मोजक्या इंग्रजीत म्हणाल्या, "ही लाइक्ड यू. आय डिड नॉट." दारातून बाजूला झाल्या. "कम. ईट समथिंग."

मग त्याला आत नेऊन त्यांनी स्वतः वरणभात वाढला आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.